दत्तक दिलेला शब्द

१९३८ साली वि. स. खांडेकरांनी शिरोड्याची शाळा सोडली आणि चित्रपटांच्या कथा लिहिण्यासाठी ते कोल्हापूरला गेले. मराठी साहित्याच्या इतिहासात ही घटना एका वाक्यात आटोपते. तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर मात्र ती तशी आटोपलेली नाही. आमच्या कोरगावहून किरणपाणीला जावे, नदी ओलांडली की आरोंदा लागते आणि तिथून शिरोडा काही फार लांब नाही. पोर्तुगीज काळात नदीच्या अलीकडे एक राज्य होते, पलीकडे सावंतवाडी संस्थान आणि त्याच्या पुढे इंग्रजांचा मुलूख. तरीही मराठी पुस्तक, देवाची पालखी आणि सोयरीक यांनी ही सरहद्द कधी फारशी मानली नाही. त्यामुळे खांडेकर हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना 'पलीकडचे मास्तर' वाटत. त्यांच्या तोंडून मी लहानपणी ऐकलेले वाक्य एवढेच होते : "मास्तर सिनेमात गेले." 'गेले' हा शब्द ते असा काही उच्चारीत की त्यात कौतुक किती आणि हळहळ किती हे सांगणे कठीण जाई. पुढे १९७४ साली 'ययाति'ला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तेव्हा कौतुकाचे पारडे जड झाले. पण हळहळीचे पारडे रिकामे झाले असे मला वाटत नाही.

त्या 'गेले'मध्ये दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. शिक्षकाने शाळा सोडून सिनेमाला जवळ करावे काय, हा पहिला. लोक भांडतात ते यावरच. दुसरा प्रश्न असा की जो शब्द आपण लिहितो पण बोलतो दुसराच, ज्याची काटछाट तिसरा करतो आणि ज्यावर पैसा चौथ्याचा लागलेला असतो, त्या शब्दाचा धनी कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक आपल्या आवडीनिवडीवर ठरते. दुसरा मात्र नीतीचा प्रश्न आहे, आणि तो सिनेमापुरता नाही.

खांडेकरांचे चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे, तरी एक गोष्ट पुन्हा सांगायला हवी. १८९८ साली सांगलीत जन्मलेल्या या मुलाचे नाव गणेश आत्माराम खांडेकर. नात्यातल्याच सखाराम खांडेकरांच्या घरी तो दत्तक गेला आणि विष्णु सखाराम झाला. हे घर सावंतवाडीकडचे, नानेलीचे. फर्ग्युसन कॉलेजातले शिक्षण अर्धवट राहिले, प्रकृती साथ देईना, आणि १९२० साली हा तरुण शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला. म्हणजे दत्तक विधान झाले नसते तर सांगलीचा हा मुलगा आमच्या नदीकाठी येण्याचे काही कारण नव्हते. अठरा वर्षे ते तिथे राहिले. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या त्याच काळातल्या. १९३० साली मिठाचा सत्याग्रह त्याच गावी झाला. खेड्यातला शिक्षक जगापासून दूर असतो, ही शहरातल्या लोकांची समजूत अशा वेळी तपासून पाहावीशी वाटते.

१९३६ साली कोल्हापुरात मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक या तिघांनी हंस पिक्चर्स ही संस्था काढली. तिच्या 'छाया' या चित्रपटाची कथा खांडेकरांची. गरिबीने ज्याला गुन्ह्याकडे ढकलले अशा माणसाच्या कुटुंबाची ती कहाणी आहे. इथे तारखा नीट पाहायला हव्यात. 'छाया' १९३६चा आणि शाळा सोडली १९३८ साली. म्हणजे मधली दोन वर्षे हा गृहस्थ सकाळी वर्गात व्याकरण शिकवीत होता आणि त्याचे संवाद दूरच्या गावी पडद्यावर बोलले जात होते. मास्तर एका रात्रीत सिनेमात गेले नाहीत. आधी त्यांचे शब्द गेले, मग मास्तर गेले.

गंमत अशी की त्याच हंस पिक्चर्ससाठी त्याच सुमारास दुसरे एक हेडमास्तरही लिहीत होते. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून गाजलेले. १९३७चा 'धर्मवीर' आणि १९३८चा 'ब्रह्मचारी' हे चित्रपट त्यांचे. 'धर्मवीर' त्यांनी इब्सेनच्या नाटकावरून रचला होता. एक मास्तर रडवणारा आणि एक हसवणारा. मराठी बोलपटाच्या उमेदवारीच्या काळात त्याला बोलायला शिकवले ते बऱ्याच अंशी शाळामास्तरांनी, ही गोष्ट आमच्या व्यवसायातली माणसे अभिमानाने सांगत का नाहीत, मला कळत नाही. बहुधा आम्हालाच सिनेमा अजून खालच्या पायरीवरचा वाटतो.

आता पहिला प्रश्न. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून शिकवीत होते. १९३० साली त्यांनी शाळा सोडली आणि ते सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले. साने गुरुजींनी शाळा का सोडली, असे आजवर कुणी विचारलेले मला आठवत नाही. प्रेमचंदांनी गांधीजींच्या हाकेवरून १९२१ साली सरकारी शाळेतली नोकरी सोडली, याची नोंद गौरवाने होते. तेच प्रेमचंद १९३४ साली मुंबईला अजिंठा सिनेटोनमध्ये कथालेखक म्हणून गेले आणि गिरणी कामगारांवरचा त्यांचा चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीत आणि बंदीत सापडला. वर्षभरातच ते बनारसला परत गेले. ती नोंद मात्र आपण खाली मान घालून करतो. शाळा दोन्ही वेळा सुटलेली असते, मुलांचे नुकसान दोन्ही वेळा सारखेच असते. फरक पडतो तो जाणारा कुठे गेला यावरून. म्हणजे आपला राग शाळा सोडण्यावर नसून नव्या घराच्या उंबरठ्यावर आहे. असे असेल तर विद्यार्थ्यांचे नाव पुढे करू नये, एवढेच माझे म्हणणे.

मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसल्यापासून किती शिक्षकांना कार्यमुक्त केल्याच्या कागदावर मी सही केली आहे. कुणी बँकेत गेला, कुणी बोटीवर, कुणी आखातात. अलीकडे मोपाच्या विमानतळाने आमच्या पेडण्यातली हुशार मुले उचलली. निरोप समारंभाला श्रीफळ दिले जाते, दोन शब्द बोलले जातात, पुढच्या सोमवारी वेळापत्रक नव्याने लावले जाते. यांतल्या कुणालाही 'तू कर्तव्य सोडलेस' असे म्हणण्याची माझी छाती झाली नाही आणि म्हणणे योग्यही झाले नसते. अठरा वर्षे एका खेड्यात, सतत खालावलेली प्रकृती सांभाळत शिकवल्यावर एखादा गेला, तर तो गेला. त्याचा हिशेब मागणारे आपण कोण?

दुसरा प्रश्न इतका सहज सुटत नाही. तो समजायला आमच्याकडच्या दहीकाल्याचे उदाहरण मला सगळ्यात सोयीचे वाटते. पेडण्यापासून कुडाळपर्यंत गावोगावच्या जत्रांना दशावतार होतो. पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर अशी मंडळे येतात. रात्री पालखी फिरून आली की देवळासमोर नाटक उभे राहते. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते आणि कोणी कोणते काम करायचे हे आधी ठरते, कथेचा सांगाडा सगळ्यांना माहीत असतो, बाकी राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून ऐन वेळी बोलतात. एखाद्या नटाने देवाच्या तोंडी आजच्या सरपंचाला टोमणा घातला, तर हशा त्याला मिळतो आणि दुसऱ्या दिवशी सरपंचाची माणसेही त्यालाच गाठतात. बोलणारा तोच शब्दाचा बाप. श्रेय आणि जबाबदारी एकाच माणसाच्या अंगावर असतात, आणि तो माणूस पहाटे तोंडावरचा रंग पुसून तुमच्यासमोर चहा पीत बसलेला असतो.

सिनेमात याच्या नेमके उलट. लिहिणारा कुठेतरी खोलीत बसून लिहितो. दिग्दर्शक त्यातले निम्मे काढून टाकतो. नट आपल्या जिभेला वळेल तसे वाक्य फिरवतो. संकलक शेवटचा शब्द कापतो, कारण तिथे संगीत सुरू व्हायचे असते. चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस म्हणतो, "काय बोलला विनायक!" आणि बोलणे आवडले नाही तर म्हणतो, "लेखकाला अक्कल नाही." श्रेय एकीकडे जाते, दोष दुसरीकडे. कधी कधी दोन्ही कुणाकडेच जात नाहीत.

प्लेटोच्या 'फीड्रस' नावाच्या संवादात सॉक्रेटिस लिहिलेल्या शब्दाविषयी एक तक्रार करतो. त्याचा आशय असा की लेखी शब्द पोरका असतो. तो कुणाच्याही हाती पडतो, त्याचा कुणी विपर्यास केला तर त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, बाप मदतीला यावा लागतो. एम. ए.च्या वर्षी हे वाचले तेव्हा मला ती म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटली होती. पुस्तकांनी जग घडवले आणि हा म्हणतो पुस्तक पोरके! पण पटकथेचा विचार करताना तो म्हातारा पुन्हा आठवतो. कादंबरीचा शब्द निदान बापाचे नाव लावून, त्याने घातलेल्या कपड्यांत घराबाहेर पडतो. पटकथेच्या शब्दाचे नाव, कपडे, घर सगळेच बदलते. त्याला पोरका म्हणण्यापेक्षा दत्तक गेलेला म्हणणे अधिक खरे.

दत्तक विधानात जन्मदाता मुलावरचा हक्क सोडतो. मुलाला त्या घरच्या इस्टेटीत वाटा राहत नाही, श्राद्धपक्ष नव्या बापाचा करायचा असतो. हे सगळे कागदावर आणि होमापुढे ठरते. पण दत्तक गेलेला मुलगा पुढे चोर निघाला, तर जन्मदाता 'आता तो माझा नव्हे' म्हणून रात्री स्वस्थ झोपू शकेल काय? आणि तो कर्तृत्ववान निघाला, तर 'माझा आहे' म्हणून पुढे धावणे त्याला शोभेल काय? मला वाटते दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. हक्क सोडता येतो. जन्म दिला ही गोष्ट सोडता येत नाही. लेखकाच्या बाबतीत हक्काच्या जागी श्रेय घाला. श्रेय विकता येते, वाटता येते, दुसऱ्याच्या नावावर करता येते. हे वाक्य मी कशासाठी लिहिले, याचे उत्तर देण्याची जबाबदारी मात्र मोबदल्याची पावती दिल्याने संपत नाही.

हे म्हणणे केवळ ग्रंथातले आहे असे कुणाला वाटेल. म्हणून हॉलिवुडमधल्या एका लेखकाची हकीकत सांगतो. डाल्टन ट्रंबो हे तिथल्या अतिशय महागड्या पटकथालेखकांपैकी एक. १९४७ साली अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींच्या एका समितीने चित्रपटसृष्टीतल्या साम्यवाद्यांची चौकशी मांडली. तुम्ही साम्यवादी पक्षाचे सभासद आहात किंवा होता काय, या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायला ज्या दहा जणांनी नकार दिला, त्यांत ट्रंबो होते. अवमानाबद्दल १९५० साली ते तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर त्यांचे नाव कोणत्याही चित्रपटावर लावायला कुणी तयार नव्हते. बायकामुले होती, लिहिण्यावाचून दुसरी विद्या नव्हती. मग त्यांनी खोट्या नावांनी, मित्रांच्या नावांनी, मिळेल त्या पैशात लिहिले. १९५३च्या 'रोमन हॉलिडे'ची कथा त्यांची, पण पडद्यावर नाव आले त्यांचे मित्र इयान मॅक्लेलन हंटर यांचे, आणि उत्कृष्ट कथेचे ऑस्करही हंटर यांनाच दिले गेले. पुढे हंटर स्वतःही काळ्या यादीत गेले. 'द ब्रेव्ह वन' या चित्रपटाच्या कथेला १९५७ साली ऑस्कर जाहीर झाले, लेखकाचे नाव पुकारले गेले रॉबर्ट रिच. या नावाचा लेखक अस्तित्वातच नव्हता! १९६० साली 'स्पार्टाकस' आणि 'एक्सोडस' या चित्रपटांवर ट्रंबोंचे खरे नाव झळकले आणि काळ्या यादीची भिंत खचू लागली.

'रोमन हॉलिडे' पुष्कळांनी पाहिला असेल. एक राजकन्या नाव लपवून रोम शहरात एक दिवस भटकते. तिला ओळखून बसलेला बातमीदार आपला धंदा लपवून तिच्याबरोबर हिंडतो. त्याच्या हाती आयुष्यात एकदाच मिळावी अशी बातमी असते, आणि शेवटी तो ती छापत नाही. स्वतःचे नाव लपवून लिहिणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे हे कळल्यावर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला. प्रेमकथा तीच होती. पण बातमीदार छायाचित्रांचे पाकीट राजकन्येच्या हाती परत जाऊ देतो, त्या प्रसंगाशी मी बराच वेळ थांबलो. लिहिण्याची ताकद असून न लिहिणे हीही लेखकाची कृती आहे, हे त्या गृहस्थाला किती जवळून माहीत असेल!

कुणी म्हणेल, ट्रंबोंनी खोट्या नावाने पैसे घेतले, हे तरी खरेपणाचे कसे? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चित्रपट पाहणाऱ्याची फसवणूक झालीच, आणि एका मित्राला दुसऱ्याच्या पुरस्काराचा भार वर्षानुवर्षे वाहावा लागला. पण नाव खोटे असतानाही त्या माणसाने शब्द मात्र आपल्याला पटले नाहीत असे लिहिले नाहीत, निदान जे मी पाहिले त्यांत तरी नाही. समितीपुढे एका वाक्याने सुटका होत होती. ते वाक्य त्यांनी उच्चारले नाही. श्रेय गेले ते जाऊ दिले आणि जबाबदारी धरून ठेवली. याच्या उलट वागणारी माणसे आपल्या अवतीभवती किती तरी आहेत. श्रेयासाठी व्यासपीठावर चढायचे आणि परिणाम विचारला की 'ते समितीने ठरवले' म्हणून उतरायचे. सरकारी परिपत्रकांच्या तळाशी असलेली सही पाहिली की मला हटकून हे आठवते. तिथे कर्ता कधीच नसतो, 'करण्यात यावे' एवढेच असते.

आणि आपल्या शाळांचे काय? वक्तृत्व स्पर्धा जवळ आल्या की काय होते हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. विषय येतो, शिक्षक भाषण लिहितो, मूल पाठ करते, हातवारे बसवले जातात. 'माझ्या मनाला एकच प्रश्न सतावतो आहे' असे आठवीतली मुलगी म्हणते तेव्हा तो प्रश्न तिच्या मनाला शिवलेलाही नसतो. बक्षीस मिळाले की चषक शाळेच्या कपाटात जातो आणि मूल शिकते ते हेच, की दुसऱ्याचे वाक्य स्वतःच्या आवाजात नीट म्हटले की टाळ्या मिळतात. हीच मुले मोठी होऊन पाहुणे म्हणून आपल्या कार्यक्रमांना येतात. एकदा एका पाहुण्यांना भाषण हवे म्हणून मी ते लिहून दिले होते. समारंभात त्यांनी माझीच वाक्ये माझ्याकडे बोट रोखून मला ऐकवली : "मुख्याध्यापकांनी हे लक्षात ठेवले पाहिजे." मी मान डोलावली. दुसरे काय करणार?

नट दुसऱ्याचे शब्द बोलतो तेव्हा तो नट आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ते खोटे ठरत नाही. मूल बोलते तेव्हा आपण ते त्याचेच म्हणून ऐकतो. सगळा फरक इथे आहे. पटकथालेखकाचा धंदा मला म्हणूनच प्रामाणिक वाटतो. त्यात उसनेपणा उघड असतो.

आता पुन्हा खांडेकरांकडे. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत, खांडेकर जीवनासाठी कला म्हणत, हा वाद आमच्या पिढीने परीक्षेपुरता पाठ केला. त्याचा सिनेमाशी असलेला संबंध मात्र कुणी शिकवला नाही. कलेसाठी कला म्हणणाऱ्याला सिनेमात एक पळवाट राहते. तो म्हणू शकतो, मी कारागीर, मागणी तसा पुरवठा. जीवनासाठी कला म्हणणाऱ्याला ती वाट बंद असते. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर पडदा हवा, आणि पडदा हवा तर दुसऱ्याचा पैसा हवा. हा पेच खांडेकरांनी डोळे उघडे ठेवून पत्करला. 'ज्वाला' हा हंसचा १९३८चा भव्य आणि खर्चिक चित्रपट कोसळला. पैसा बुडाला तो निर्मात्यांचा. पण कथा खांडेकरांची होती आणि नाव खरे होते. त्यानंतर 'देवता' आला, 'अमृत' आला. एका अपयशाने ते शिरोड्याला परतले नाहीत, की सिनेमा हा आपला प्रांत नव्हे असे म्हणून हात झटकून मोकळेही झाले नाहीत. प्रेमचंद परतले, हे राहिले. दोघांतला थोर कोण, असली तुलना मी करणार नाही. प्रेमचंदांना जे असह्य झाले ते खांडेकरांना सोसता आले, याचे कारण मला शिरोड्यात सापडते. अठरा वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून मोडूनतोडून परत ऐकण्याची सवय झालेली असते. उत्तरपत्रिका तपासणे म्हणजे दुसरे काय असते?

कौतुक केले, तसा दोषही सांगतो. खांडेकरांची पात्रे खांडेकरांसारखी बोलतात. श्रीमंत, गरीब, वकील, मोलकरीण, सगळ्यांच्या तोंडी उपमा आणि सुभाषिते. दशावतारात राजा आणि संकासुर यांची भाषा वेगळी असते, कारण ती दोन माणसे असतात. खांडेकरांच्या कादंबरीत बरेचदा एकच माणूस मुकुट बदलून येतो. सिनेमाने त्यांना शब्द दत्तक द्यायला लावला, पण मनाने त्यांनी तो पुरता दिला नाही, असे मला त्यांच्या पुढच्या कादंबऱ्या वाचतानाही वाटत राहते. 'ययाति'मध्ये देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाति आपापली कथा स्वतः सांगतात. रचना मोठी, पण डोळे मिटून ऐकले तर तिन्ही आवाजांत शिरोड्याच्या मास्तरांचा आवाज येतो. अर्थात तो आवाज लाखो लोकांना हवाहवासा वाटला. तामिळ वाचकांनी तर तो आपल्या भाषेत आपलाच मानला. तेव्हा माझ्या तक्रारीला फार किंमत देण्याचे कारण नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती. स्वतः बोलायचे आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचे, अशी वेळ आली. सप्टेंबर १९७६च्या २ तारखेला मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच महिन्याच्या १० तारखेला तिकडे ट्रंबो गेले. 'द ब्रेव्ह वन'चे ऑस्कर त्यांच्या हाती १९७५ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी पडले. 'रोमन हॉलिडे'चे त्यांच्या पत्नीने १९९३ साली स्वीकारले, आणि लेखक संघाने त्या चित्रपटाच्या पटकथेवर त्यांचे नाव अधिकृतपणे चढवले ते २०११ साली. दोघे एकमेकांना ओळखत असण्याचे काही कारण नव्हते.

गेल्या वर्षी मुक्तिदिनाच्या निमित्ताने तालुक्यात वक्तृत्व स्पर्धा होती. आमच्या एका शिक्षिकेने नववीतल्या मुलीला भाषण लिहून दिले होते. मुलगी ते घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, ह्यातलां 'माझ्या धमन्यांतून क्रांतीचे रक्त वाहते' हे वाक्य म्हणपाक माका लाज दिसता." मी म्हटले, मग काढून टाक. "मगे थंय किते म्हणू?" तुला जे ठाऊक आहे ते म्हण, असे सांगून मी तिला वर्गात पाठवले. स्पर्धेच्या दिवशी तिने आपल्या आजीची गोष्ट सांगितली. पलीकडे लग्न होऊन गेलेल्या बहिणीला भेटायचे तर आजीला कशी परवानगी काढावी लागे, आणि नदीच्या काठावर झडतीत बहिणीसाठी नेलेली खाज्याची पुडी कशी फोडली गेली, ते. मध्ये दोनदा ती अडखळली. तिला तिसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांच्या शेऱ्यात 'भाषेला ओघ कमी' असे होते. तो कागद मी तिला दाखवला. तिने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि पुढच्या वर्षीचा विषय कधी कळतो ते विचारले.